सर्व्हर रूममधलं कपाट रात्री कुणाला फोन करतं?

मोडेम गेला, इंटरनेट आलं आणि डेटा सांभाळणारी मशिन्स थेट कंपनीशी बोलायला लागली. दुरुस्ती झटपट होते, हे खरंच. पण आपल्या मशिनचं दार कुणासाठी, कधी उघडायचं हे ठरवतंय कोण? नांदेड-लातूरमध्ये शिकणाऱ्या मुलांनी या प्रश्नात डोकं घालायला हवं. नोकरीसाठीसुद्धा!

३० सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेतल्या एओएल कंपनीनं आपली डायल-अप इंटरनेट सेवा बंद केली. आज कॉलेजात असलेल्या बहुतेकांनी डायल-अप कधी वापरलेलंच नाही. फोनची वायर मोडेमला लावायची, मोडेम नंबर फिरवायचा, मग ती किर्रर्र, खर्रर्र अशी शिट्टी आणि नशीब बरं असेल तर कनेक्शन. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेही असंच. घरातल्या कुणी मध्येच फोन उचलला की नेट बंद.

ही झाली माणसांची गोष्ट. पण मोडेम वापरणारा आणखी एक ग्राहक होता आणि त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तो म्हणजे मशिन.

बँका, टेलिफोन कंपन्या, मोठी हॉस्पिटल्स, विद्यापीठं यांचा डेटा एका साध्या हार्ड डिस्कवर नसतो. तो असतो कपाटाएवढ्या स्टोरेज मशिनमध्ये. आत डझनांनी, कधी शेकड्यांनी डिस्क. १९८८ साली अमेरिकेत बर्कले विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी ‘रेड’ ही कल्पना मांडणारा शोधनिबंध लिहिला. स्वस्तातल्या अनेक डिस्क एकत्र बांधायच्या आणि माहिती त्यांच्यात अशी वाटून ठेवायची की एखादी डिस्क मेली तरी काही हरवत नाही. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला असाल तर हे परीक्षेत लिहिलंही असेल. १९९० साली ईएमसी कंपनीनं आणलेलं सिमेट्रिक्स हे या जातीतलं गाजलेलं मशिन.

आता गंमत अशी, की एक डिस्क मेली तरी काही हरवत नाही, पण ती बदलायच्या आत दुसरी मेली तर मोठा घोळ होऊ शकतो. म्हणजे सगळा खेळ वेळेचा. डिस्क गेली हे कळायला किती वेळ, माणूस पोचायला किती वेळ, योग्य पार्ट मिळायला किती वेळ. म्हणून कंपन्यांनी मशिनच्या पोटातच एक छोटा कॉम्प्युटर बसवला आणि त्याला मोडेम जोडला. काही बिघडलं की मशिन स्वतःच कंपनीला फोन लावणार: ‘माझी अमुक खणातली तमुक डिस्क गेली.’ याला म्हणतात ‘कॉल होम’. आयबीएम, ईएमसी, हिताची, सगळ्यांनी हे केलं. मग व्हायचं असं, की ग्राहकाला पत्ताच नसायचा आणि इंजिनिअर नवी डिस्क घेऊन दारात हजर.

मुंबईपेक्षा नांदेडला जास्त गरज

या सोयीची किंमत मोठ्या शहरात तितकीशी कळत नाही. मुंबईत मशिन बिघडलं तर इंजिनिअर लोकलनं येतो, बघतो, चुकीचा पार्ट आणला असेल तर दुपारी दुसरा घेऊन येतो. नांदेडला हैदराबाद किंवा पुण्याहून माणूस यायचा म्हणजे रात्रीची ट्रॅव्हल्स नाहीतर रेल्वे. लातूरचंही तेच. आल्यावर कळलं की डिस्क ठीक आहे, कंट्रोलर गेलाय, तर दुसरी फेरी. दोन दिवस गेले. बिघाड नेमका काय आहे हे निघायच्या आधी कळलं तर एक फेरी वाचते, आणि आपल्या भागात एक फेरी म्हणजे एक अख्खी रात्र.

त्यामुळे दुरून होणारा सपोर्ट ही छोट्या शहरांसाठी चैन नाही. उलट आपल्यालाच तो सगळ्यात जास्त लागतो. आणि त्याच वेळी, त्या जोडणीकडे डोळे लावून बसलेली माणसं आपल्याकडेच सगळ्यात कमी. मुंबईतल्या बँकेकडे सुरक्षेची वेगळी टीम असते. जिल्ह्याच्या ठिकाणी एक जण वेबसाइट बघतो, प्रिंटर बघतो, परीक्षेचे फॉर्म भरताना अडलेल्या पोरांना बघतो आणि उरलेल्या वेळात सर्व्हर बघतो. या लेखातला सगळा पेच इथे आहे.

मोडेमचा काळ चांगला होता असं मात्र समजू नका. जरा हिशोब करू. चांगल्यातल्या चांगल्या टेलिफोन लाइनवर त्या काळी ३३.६ केबीपीएस वेग मिळायचा. बिघाड शोधायला मशिनचे लॉग लागतात. ५० एमबीची लॉग फाइल पाठवायला या वेगानं सव्वातीन तास लागतात. तीच फाइल १ जीबीची असेल तर ६६ तास, म्हणजे पावणेतीन दिवस. तोपर्यंत लाइन एकदाही तुटायची नाही आणि पावसात खरखर वाढायची नाही, ही अट. आज १०० एमबीपीएसच्या फायबरवर तीच १ जीबी फाइल दीड मिनिटाच्या आत जाते.

सुरक्षेचंही तसंच. मोडेमचा नंबर हा शेवटी टेलिफोन नंबर. जगात कुणीही तो फिरवू शकायचा. ओळीनं हजारो नंबर आपोआप फिरवत पलीकडून मोडेमची शिट्टी कुठे वाजते ते शोधणारे प्रोग्रॅम लोकांनी लिहिले होते. १९८३ च्या ‘वॉरगेम्स’ या हॉलिवूड सिनेमातला पोरगा हेच करतो आणि त्या सिनेमावरूनच या प्रकाराला ‘वॉर डायलिंग’ नाव पडलं. पलीकडे मोडेम सापडला आणि कंपनीनं दिलेला पासवर्ड कुणी बदललेला नसला की काम फत्ते.

म्हणून अनेक ठिकाणी एक साधा रिवाज पडला होता. मोडेमची वायर काढूनच ठेवायची. मशिन आतून बाहेर फोन करू शकेल एवढंच ठेवायचं, किंवा तेही नाही. कंपनीच्या इंजिनिअरला आत यायचं असेल तर तो आधी फोन करणार, ‘साहेब, जरा मोडेम चालू करा.’ साहेब खुर्चीतून उठणार, सर्व्हर रूममध्ये जाणार, वायर लावणार. काम झालं की काढणार.

त्या उठण्यात बरंच काही होतं. कुणीतरी आत येतंय हे एका माणसाला माहीत असायचं. कधी आला, कधी गेला, कशासाठी आला, हेही. वर त्याला ‘आत्ता नको, पगाराची तारीख आहे’ असं म्हणता यायचं.

वायर गेली, सेटिंग आलं

२००० नंतरच्या दशकात कंपन्या मोडेमवरून इंटरनेटवर सरकल्या. ईएमसीनं आपल्या पद्धतीला ‘सिक्युअर रिमोट सपोर्ट’ म्हटलं, नेटॲपचं ‘ऑटोसपोर्ट’, आयबीएमचं कॉल होमच, फक्त वाट बदललेली. ढोबळ रचना सारखीच. ग्राहकाच्या नेटवर्कमध्ये एक गेटवे बसवायचा. मशिन त्या गेटवेशी बोलणार, गेटवे इंटरनेटवरून कंपनीशी. बोलणं एन्क्रिप्टेड, म्हणजे तुम्ही बँकेची साइट उघडता तेव्हा जे कुलूप दिसतं तसंच. आणि महत्त्वाचं म्हणजे जोडणी आतून बाहेर जाते. बाहेरून कुणी थेट दार ठोठावू शकत नाही, कारण बाहेरच्या बाजूनं दारच नाही. वॉर डायलिंगवाल्यांची गोची झाली.

तांत्रिकदृष्ट्या हे मोडेमपेक्षा कितीतरी चांगलं आहे, यात वाद नाही. कोण आला, काय केलं याची नोंद राहते. हजारो ग्राहकांच्या मशिन्सची माहिती एका ठिकाणी येते, त्यामुळे अमुक बॅचच्या डिस्क लवकर मरतायत हे कंपनीला मरायच्या आधी कळतं.

आणि परत फिरायची वाटही राहिलेली नाही. ज्या तांब्याच्या टेलिफोन लाइनवर मोडेम चालायचा ती जगभर मोडीत निघालीय. ब्रिटनमध्ये बीटी कंपनी जुनं टेलिफोन नेटवर्क जानेवारी २०२७ अखेर पूर्ण बंद करणार आहे. आपल्याकडे बीएसएनएलमधून ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी ७८ हजारांहून जास्त कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. खांबावर चढून तांब्याची जोडणी दुरुस्त करणारी पिढी त्यात होती.

मग अडचण कुठे आहे? वायर लावायला उठणारे साहेब होते ना, ते या नव्या रचनेत कुठे गेले ते बघा. ते गेले एका सेटिंगमध्ये. गेटवेसोबत एक पॉलिसीचं पान असतं. दुरून कुणी आत यायला लागला तर काय करायचं? ईएमसीच्या पद्धतीत त्याला तीन उत्तरं होती: नेहमी परवानगी द्या, दरवेळी विचारा, कधीच देऊ नका. ‘दरवेळी विचारा’ निवडलं की कुणाला तरी ई-मेल येतो, त्यानं होकार दिला की दार उघडतं. म्हणजे तो जुना रिवाज जसाच्या तसा पुन्हा उभा करता येतो. तंत्रज्ञानानं तो काढून घेतलेला नाही.

पण रात्री दोन वाजता येणाऱ्या त्या ई-मेलला होकार देणार कोण? ‘दरवेळी विचारा’ ठेवायचं तर उत्तर देणारा माणूस पाहिजे. माणूस नसेल तर ‘नेहमी परवानगी’ हाच व्यवहारी पर्याय उरतो, आणि एकदा तो निवडला की ते पान पुन्हा उघडायचं कुणाला काही कारणच पडत नाही.

२०२१ सालच्या तीन गोष्टी

हे सगळं कल्पनेतलं वाटत असेल तर एकाच वर्षात घडलेल्या तीन घटना सांगतो. तिन्ही वेगवेगळ्या आहेत आणि तो वेगळेपणाच महत्त्वाचा आहे.

पहिली जूनमधली. वेस्टर्न डिजिटल या कंपनीचा ‘माय बुक लाइव्ह’ नावाचा छोटा स्टोरेज डबा होता. घरी किंवा लहान ऑफिसात ठेवायचा, इंटरनेटला जोडायचा, कुठूनही फाइल बघायच्या. अशा जातीचे डबे आज आपल्याकडे फोटो स्टुडिओत, सीएच्या ऑफिसात, पॅथॉलॉजी लॅबमध्ये आणि कोचिंग क्लासेसमध्ये सर्रास दिसतात. कंपनीनं त्या मॉडेलला २०१५ नंतर अपडेट देणं बंद केलं होतं. डबे मात्र चालूच होते, इंटरनेटला जोडलेले. २३ जून २०२१ च्या सुमारास जगभरातल्या अनेकांनी फाइल उघडायला घेतल्या, तर डबा रिकामा. बाहेरून कुणीतरी फॅक्टरी रिसेट मारला होता. लोकांचे वर्षानुवर्षांचे फोटो गेले. कंपनीनं सांगितलेला तातडीचा उपाय काय होता माहितीय? डबा इंटरनेटपासून काढून ठेवा. म्हणजे पुन्हा आलीच ती वायर!

दुसरी जुलैमधली. कासेया कंपनीचं एक सॉफ्टवेअर आहे, ते वापरून सपोर्ट देणाऱ्या कंपन्या आपल्या ग्राहकांची कॉम्प्युटर्स दुरून सांभाळतात. २ जुलै २०२१ ला गुन्हेगारांच्या एका टोळीनं त्या सॉफ्टवेअरमधली फट वापरली आणि सपोर्टच्याच वाटेनं खंडणीचा व्हायरस आत सोडला. सुमारे ८०० ते १,५०० व्यवसायांना फटका बसला. स्वीडनमध्ये को-ऑप नावाची किराणा दुकानांची मोठी साखळी आहे, त्यांची शेकडो दुकानं बंद ठेवावी लागली कारण गल्ले चालेनात. लक्षात घ्या, को-ऑपनं कासेयाकडून काहीही विकत घेतलेलं नव्हतं. त्यांच्या गल्ल्याचं काम बघणारी कंपनी ते सॉफ्टवेअर वापरत होती. इथेही कासेयानं पहिला निरोप दिला तो सर्व्हर ताबडतोब बंद करण्याचा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते, कारण तिच्यात चोर कुणीच नाही. डिसेंबर २०२१, जपानमधलं क्योतो विद्यापीठ. तिथल्या सुपरकॉम्प्युटरच्या स्टोरेजची देखभाल एचपीई कंपनीकडे होती. कंपनीच्या लोकांनी बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये सुधारणा केली. हेतू चांगला, काम नेहमीचं. पण जुनी स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्यावर नवी लिहिली गेली. स्क्रिप्टचं काम होतं जुन्या लॉग फाइल्स पुसण्याचं. अर्धी जुनी, अर्धी नवी अशी चालल्यामुळे काय पुसायचं हे सांगणारी जागा रिकामी राहिली आणि तिनं खऱ्या फाइल्स पुसायला घेतल्या. सुमारे ७७ टेराबाइट, ३ कोटी ४० लाख फाइल्स, १४ संशोधन गट. त्यातल्या ४ गटांचा डेटा परत आणता आला नाही. कंपनीनं पूर्ण जबाबदारी स्वीकारली. पण ज्याच्या पीएचडीचं काम त्यात होतं, त्यानं त्या माफीचं काय करायचं?

कुणी लक्ष न दिलेलं दार, विश्वासू माणसाची हरवलेली किल्ली आणि विश्वासू माणसाचाच चुकलेला हात. पहिल्या दोन गोष्टींना अँटिव्हायरस, फायरवॉल, अपडेट अशी काही ना काही औषधं आहेत. तिसरीला एकच: आत येणारा काय करणार आहे हे आधी विचारणारा आणि बॅकअप कुठे आहे हे माहीत असणारा आपला माणूस.

‘आमच्याकडे कुठे एवढा डेटा?’

असं म्हणणारे भेटतील आणि त्यांचं अर्धं बरोबर आहे. आपल्या भागातला महत्त्वाचा डेटा आता बहुतांशी आपल्या भागात नाही. याचं सोपं उदाहरण ग्रामीण बँकेचं. मराठवाडा ग्रामीण बँकेचं मुख्यालय नांदेडला होतं. २००९ मध्ये ती महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आणि मुख्यालय तेव्हाच्या औरंगाबादला गेलं. १ मे २०२५ ला ‘एक राज्य, एक ग्रामीण बँक’ धोरणात विदर्भ-कोकणची बँकही तिला जोडली गेली. शाखा लोह्यात, औशात, मुखेडमध्ये आहेत तिथेच आहेत. खातं मात्र कुठल्यातरी डेटा सेंटरमधल्या कपाटात.

मग त्या दूरच्या कपाटाचं काही झालं तर आपल्याला काय? ३१ जुलै २०२४ ला देशातल्या जवळपास ३०० छोट्या बँकांच्या खातेदारांना हे कळलं. सहकारी आणि ग्रामीण बँकांना तांत्रिक सेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर खंडणीखोरांचा हल्ला झाला. ही टीसीएस आणि स्टेट बँकेची भागीदारीतली कंपनी. व्हायरस पसरू नये म्हणून एनपीसीआयनं सी-एजला आपल्या पेमेंटच्या जाळ्यापासून तोडलं. त्याबरोबर या सगळ्या बँकांचं यूपीआय आणि एटीएमचं काम ठप्प झालं. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला जोडणी परत आली. क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीच्या विश्लेषणानुसार सुरुवात झाली ती सी-एजकडे नाही, तर तिच्याशी जोडलेल्या आणखी एका कंपनीच्या नीट न बसवलेल्या सर्व्हरपासून.

म्हणजे साखळी बघा. खातेदार, त्याची बँक, बँकेची सेवा कंपनी, त्या कंपनीची सेवा कंपनी. चौथ्या कडीवरचं दार उघडं राहिलं आणि पहिल्या कडीवरच्या माणसाला किराणा दुकानात ‘पेमेंट फेल’ दिसलं. यात कुणाचे पैसे चोरीला गेले नाहीत, हे सांगायलाच हवं. २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं तसं नव्हतं. ११ आणि १३ ऑगस्टला हॅकर्सनी तिथून ९४ कोटींहून जास्त रक्कम पळवली, त्यातली बरीचशी २८ देशांतल्या एटीएममधून.

आणि उरलेला अर्धा डेटा खरोखर आपल्याकडेच आहे. विष्णुपुरीत एकीकडे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि दुसरीकडे श्री गुरु गोबिंदसिंहजी इंजिनिअरिंग कॉलेज, अशा संस्थांकडे विद्यार्थ्यांच्या नोंदी असतात. दोन्ही शहरांत खासगी हॉस्पिटल्सची रांग आहे, त्यांच्याकडे एक्स-रे, एमआरआय आहेत. एमआरआय मशिनची देखभालही आज दुरूनच होते, फक्त त्याला कुणी स्टोरेज म्हणत नाही. लातूरच्या क्लासेसकडे राज्यभरातून आलेल्या हजारो मुलांचे फोन नंबर, मार्क आणि पालकांची माहिती आहे. ‘लातूर पॅटर्न’चं सगळं बळ सरावात आहे, पण या विषयाची प्रश्नपत्रिका अजून कुणी काढलेली नाही.

आता जोडणी तुटण्याबद्दल थोडं. मोडेमचा एक गुण आपण विसरलो. त्याची वाट वेगळी होती. कॉम्प्युटरचं नेटवर्क पडलं तरी टेलिफोनची लाइन चालू असायची आणि मशिन मदत मागू शकायचं. आज काम आणि मदत दोन्ही एकाच फायबरवरून जातात. नागपूर-तुळजापूर रस्त्याच्या चौपदरीकरणाचं काम लोहा, अहमदपूर, चाकूर पट्ट्यात चालू असताना जेसीबीनं केबल तुटणं म्हणजे काय ते इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. एक जेसीबी, आणि मशिन मुकं. यावर उपाय म्हणून ४जीचा राउटर ठेवतात. चांगलंच आहे. पण २६ फेब्रुवारी २०२४ ला मराठा आंदोलनाच्या वेळी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत इंटरनेट सेवा काही तासांसाठी बंद केली होती, हेही ध्यानात असू द्या. दुसरी वाट ठेवायची तर ती खरोखर दुसरी पाहिजे.

कायदा आहे, वाचणारा कोण?

नियम नाहीत असं नाही. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढला: सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवा, लॉग १८० दिवस जपून ठेवा. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२३ मध्ये आयटी सेवा बाहेरून घेण्याबद्दल सविस्तर निर्देश दिले, ते त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून लागू झाले. त्याचं सार असं, की काम बाहेर दिलं म्हणून जबाबदारी बाहेर जात नाही. २०२३ मध्येच वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही झाला.

माझं मत विचाराल तर बँकांपुरतं तरी गाडं रुळावर येतंय, कारण तिथे रिझर्व्ह बँक दंड करते. काळजी वाटते ती कॉलेजांची, हॉस्पिटल्सची आणि क्लासेसची. लॉग १८० दिवस ठेवणं म्हणजे नुसती डिस्कवर जागा ठेवणं. कुणी तो उघडून बघितला तरच त्याचा उपयोग. ‘काल रात्री सव्वादोनला सपोर्टमधून कुणी आत आलं होतं, आपण तक्रार नोंदवली होती का?’ एवढा एक प्रश्न रोज सकाळी विचारायला फार मोठं ज्ञान लागत नाही. पगारावरचा एक माणूस लागतो.

इथे नोकरीचा मुद्दा येतो. दुरून सपोर्ट देणारी मोठी केंद्रं बेंगळुरू, हैदराबाद, पुण्यात आहेत आणि आपल्याकडून कॉम्प्युटरची पदवी घेऊन निघालेली बरीच मुलं तिथेच पहिली नोकरी करतात. म्हणजे नांदेडचा मुलगा हिंजवडीत बसून कदाचित लातूरच्या मशिनचा लॉग वाचतो. वाईट काही नाही त्यात. पूर्वी बॅग घेऊन गावोगाव फिरणाऱ्या इंजिनिअरचं काम मात्र आता बरंचसं हाताचं उरलंय. डोकं स्क्रीनपलीकडे आहे, हा जाऊन सांगितलेल्या खणातली डिस्क काढतो आणि नवी बसवतो.

पण ग्राहकाच्या बाजूचं काम, म्हणजे गेटवे कुणाच्या ताब्यात, परवानगी कोण देणार, लॉग कोण बघणार, बॅकअप खरोखर परत आणता येतो का हे कोण तपासणार, हे काम पुण्यातून होत नाही. ते इथेच करावं लागतं. दहा हॉस्पिटल्स आणि दहा कॉलेजं मिळून एक माणूस ठेवू शकतात. गावातले सीए जसे वीस दुकानांचे हिशोब बघतात तसं. अशी सेवा देणारा दोन-तीन मुलांचा गट नांदेडला किंवा लातूरला उभा राहायला भांडवल म्हणाल तर फार लागत नाही. लिनक्स, नेटवर्किंग, लॉग वाचायची सवय आणि ‘हे मला लेखी द्या’ असं कंपनीच्या माणसाला न घाबरता सांगण्याची तयारी. शेवटची गोष्ट कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही, ही खरी पंचाईत.

ही मागणी आज कुणी तोंडानं करत नाही, त्यामुळे जाहिरात दिसणार नाही. ती तयार करावी लागेल, आणि सुरुवात करायला स्वतःचं कॉलेज बरं. लास्ट इयरच्या प्रोजेक्टसाठी पुन्हा एकदा लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम करण्यापेक्षा कॉलेजमधल्या इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक मशिनची यादी करा. परवानगी घेऊन, एचओडींना सांगून. सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, बायोमेट्रिक हजेरीचं मशिन, लॅबमधला स्टोरेजचा डबा, यूपीएस, सगळं. प्रत्येकासमोर चार रकाने: हे बाहेर कुणाशी बोलतं, आत कोण येऊ शकतं, परवानगी कोण देतं, शेवटचा अपडेट कधीचा. तिसरा रकाना बऱ्याच ठिकाणी कोरा राहील असा माझा अंदाज आहे.

ती यादी हातात असेल तर एक वेळ साधता येते. देखभालीच्या कराराचं, म्हणजे एएमसीचं नूतनीकरण बऱ्याच संस्थांमध्ये आर्थिक वर्षाच्या शेवटी होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते कागद टेबलावरून टेबलावर फिरत असतात. दर किती, व्हिजिट किती, पार्ट कुणाचे यावर घासाघीस होते. त्याच कागदावर आणखी दोन ओळी घालता येतात: दुरून आत येण्याआधी लेखी परवानगी घ्यावी आणि प्रत्येक वेळी काय केलं त्याची नोंद आम्हाला द्यावी. त्यासाठी जास्तीचे पैसे पडत नाहीत. मार्चच्या आत कुणीतरी त्या लिहून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवायला पाहिजेत.